आधी माप, मग आरोप
गाडीचा इंधनखर्च अचानक वाढला, तर शोध कोठून सुरू करावा?

ठाणे असो, कल्याण असो वा डोंबिवली, महिनाअखेरीस घरखर्चाची वही उघडली की एक प्रसंग अनेक घरांत थोड्याफार फरकाने घडतो. पेट्रोलच्या पावत्यांची बेरीज गेल्या महिन्यापेक्षा दीड हजारांनी अधिक भरते. गाडी तीच, दुकान तेच, देरासरही तेच. मग खर्च कसा वाढला? काही क्षण शांतता पसरते आणि मग कोणीतरी हलक्या आवाजात म्हणते, “ड्रायव्हरवर जरा लक्ष ठेवायला हवे.”

असे एक प्रातिनिधिक घर डोळ्यांसमोर आणू या. राहणे डोंबिवली पूर्वेला, पेढी ठाण्यात. घरची पेट्रोल गाडी सहा वर्षांची आहे. ती पूर्वी लिटरला 17 किलोमीटर देत असे, आता 13 देते. महिन्याला 800 किलोमीटर धावणाऱ्या या गाडीला पूर्वी सुमारे 47 लिटर पेट्रोल लागे, आता साडेएकसष्ट लागते. लिटरला 103 रुपये धरले, तर साडेचौदा लिटरांचे जवळपास पंधराशे रुपये होतात. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे पैशांसोबत दरमहा तेहतीस-चौतीस किलो धूरही वाढला.

सात वर्षे गाडी चालवणारा चालक पंधरा दिवसांपासून सांगत असतो, “शेठ, गाडी जड चालते आहे.” त्याचे बोलणे कोणी मनावर घेतलेले नसते. पावत्यांची बेरीज झाल्यावर मात्र संशयाची सुई प्रथम त्याच्याकडेच वळते.

जैन आचारात अठरा पापस्थानकांची गणना आहे. त्यांतील तेरावे अभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्यावर खोटा आळ घेणे. प्रतिक्रमणात आपण त्याचा उच्चार नित्य करतो. पण अभ्याख्यान बहुधा दुष्टपणातून घडत नाही, ते घाईतून आणि मोजणी न करता काढलेल्या निष्कर्षातून घडते. म्हणून इंधनखर्च वाढला असता कारण शोधण्याची रीत ठाऊक असणे हा केवळ बचतीचा विषय राहत नाही. त्यावर एका माणसाची अब्रू आणि कधी कधी त्याची नोकरी अवलंबून असते.

माप कसे घ्यावे

“टाकीचा काटा लवकर खाली येतो” हे माप नव्हे, आणि “हजाराचे पेट्रोल पूर्वी आठवडाभर पुरायचे” हेही नव्हे. खात्रीचे माप एकच, टाकी भरून टाकी भरेपर्यंतचे. पंपावर टाकी भरावी. नळी आपोआप पहिल्यांदा बंद झाली की तेथेच थांबावे आणि किलोमीटरचा आकडा लिहून घ्यावा. नेहमीप्रमाणे निदान अडीच-तीनशे किलोमीटर गाडी वापरावी. पुन्हा त्याच पंपावर, शक्यतो त्याच नळीवर, पहिल्या बंद होण्यापर्यंतच पेट्रोल भरावे. मधल्या अंतराला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरांनी भागले की खरा ॲव्हरेज मिळतो. एका टाकीवर विश्वास ठेवू नये. दोन-तीन टाक्यांची सरासरी घ्यावी. गाडी उभी असलेल्या जमिनीच्या उतारामुळेही एखाद-दुसऱ्या लिटराचा फरक पडू शकतो.

येथे एक सवय सोडणे आवश्यक आहे. नळी बंद झाल्यावरही “राउंड फिगर” करण्यासाठी टाकीच्या गळ्यापर्यंत पेट्रोल ओतले जाते. टाकीतील वाफ शोषून घेण्यासाठी गाडीत कोळशाचा डबा बसवलेला असतो. तो द्रवरूप पेट्रोलने भिजला की निकामी होऊ लागतो आणि पुढे इंजिनाकडे जाणारे मिश्रण बिघडवतो. मोजणी चुकते आणि गाडीही बिघडते, असा हा दुहेरी तोटा आहे.

गाडीला अलीकडे मोठ्या मापाचे टायर बसवले असतील, तर तेही लक्षात घ्यावे. मोठे चाक एका फेऱ्यात अधिक अंतर कापते. गाडी मात्र फेरेच मोजते. त्यामुळे किलोमीटर कमी नोंदले जातात आणि खर्च न वाढताही ॲव्हरेज घटल्यासारखा दिसतो.

दोन आकड्यांची साक्ष

अलीकडच्या बहुतेक गाड्यांच्या पडद्यावर सरासरी इंधनवापराचा आकडा दिसतो. हा आकडा टाकीतील पेट्रोल मोजून येत नाही. इंजिनातील इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले, त्यावरून गाडीचा संगणक तो काढतो. म्हणजेच इंजिनात जे पोचले त्याचीच नोंद तेथे असते. टाकीपासून टाकीपर्यंतच्या मोजणीत मात्र आपण पैसे मोजून घेतलेले सर्व पेट्रोल येते. या दोन आकड्यांतील फरकच निदानाची पहिली किल्ली आहे.

पडद्यावरचा आकडा पूर्वीइतकाच आहे आणि टाकीच्या हिशेबाने ॲव्हरेज मात्र घसरला आहे, असे दिसले तर काही पेट्रोल इंजिनापर्यंत नोंदीने पोचलेच नाही. मग शक्यता मोजक्या उरतात: पंपावर माप कमी मिळाले, वाटेत गळती आहे, टाकीतून कोणी पेट्रोल काढले किंवा एखादा इंजेक्टर बंद असतानाही ठिबकतो आहे. याउलट दोन्ही आकडे सारखेच घसरले असतील, तर पेट्रोल इंजिनातच जळले आहे. तेथे चोरीचा प्रश्न उरत नाही. दोष रस्त्याचा, चालवण्याच्या रीतीचा, इंधनाचा किंवा गाडीचा असतो.

पडद्यावरील आकडा मुळातच थोडा कमी-अधिक असू शकतो. त्यामुळे त्याची आजची किंमत न पाहता तो पूर्वीपेक्षा किती बदलला, हे पाहावे. आपल्या उदाहरणातील घरात वही आणि पडदा दोन्ही साधारण एकाच प्रमाणात खाली आलेले दिसतात. या एका निरीक्षणाने चालक चोरीच्या संशयातून मुक्त होतो, आणि हे निरीक्षण करायला दोन टाक्यांपलीकडे काहीही खर्च होत नाही.

पंपावरचे माप: 2017 चा धडा

मापाची शंका ठाणेकरांना परकी नाही. 2017 च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात पेट्रोल पंपांच्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक चिप बसवून कमी पेट्रोल देण्याचा प्रकार उघडकीस आला. त्यानंतर काही आठवड्यांतच ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने वैध मापन शास्त्र विभागाच्या सोबतीने डोंबिवली-ठाण्यापासून राज्यातील अन्य जिल्ह्यांपर्यंत पंपांवर छापे घातले. पेट्रोल देणाऱ्या यंत्रात “पल्सर” नावाचा भाग असतो. मापकाच्या फिरण्याचे तो विद्युत स्पंदनांत रूपांतर करतो आणि त्या स्पंदनांवरून पडद्यावर लिटर उमटतात. याच भागात फेरफार केला, तर पडद्यावर पूर्ण लिटर दिसते आणि नळीतून मात्र कमी येते.

श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचे, अचौर्याचे, पाच अतिचार सांगितलेले आहेत. त्यांत खोटी मापे-वजने वापरणे, म्हणजे हीनाधिकमानोन्मान, आणि भेसळीचा माल खरा म्हणून विकणे, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, हे दोन स्वतंत्रपणे नोंदले आहेत. व्यापारी समाजाच्या आचारसंहितेने तागडीचा विचार किती बारकाईने केला होता, हे यावरून कळते. पूर्वी तराजूचा काटा डोळ्यांना दिसे; आता काटा यंत्राच्या पोटात गेला आहे. म्हणून ग्राहकाने आपला हक्क ओळखला पाहिजे. प्रत्येक पंपावर शासनाने प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप ठेवणे बंधनकारक असते आणि ग्राहक त्यात पेट्रोल मोजून दाखवण्याची मागणी करू शकतो. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक ग्राह्य धरला जातो. त्याहून अधिक तूट आढळली, तर वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. पेट्रोलच्या शुद्धतेसाठी गाळणकागदाची चाचणी मागण्याचाही ग्राहकाला अधिकार आहे.

परंतु येथेही प्रमाण सुटू नये. मापातील चोरी पचायची, तर ती लहानच ठेवावी लागते; शेकडा चोवीस टक्के तूट कोणत्याही ग्राहकाच्या नजरेतून सुटणार नाही. 17 वरून 13 वर आलेल्या गाडीचे खापर एकट्या पंपावर फोडणे म्हणजे आणखी एक अभ्याख्यान ठरू शकते. शंका असेल, तर दोन टाक्या दुसऱ्या पंपावर भराव्यात. उत्तर वहीतच मिळेल.

इथेनॉलचा वाटा किती?

अलीकडे इंधनखर्चाचा विषय निघाला की इथेनॉलचे नाव येतेच. देशात पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा 2022 च्या जूनमध्ये गाठला गेला. 20 टक्के मिश्रणाचे, म्हणजे ई-20 पेट्रोल 6 फेब्रुवारी 2023 रोजी बंगळुरू येथे अधिकृतपणे विक्रीस आले आणि 2025 पर्यंत ते देशभरातील पंपांवर सर्रास मिळू लागले. ऊस, मका आणि धान्यापासून तयार होणाऱ्या इथेनॉलमध्ये दर लिटरमागची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे ॲव्हरेज थोडा उतरणार, हे गणितच आहे. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, ई-10 साठी बनवलेल्या आणि ई-20 साठी जुळवून घेतलेल्या चारचाकींत ही घट 1 ते 2 टक्के, तर इतर गाड्यांत 3 ते 6 टक्के असते.

सहा टक्के घट धरली, तरी 17 चे 16 होतात, 13 होत नाहीत. शिवाय ही घट गाडीने एव्हाना पचवलेली असते. गेल्या महिन्यात अचानक झालेल्या बदलाचे ते कारण नव्हे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलने लवकर झिजू शकतात, म्हणून पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत त्यांची तपासणी करून घेणे मात्र हिताचे आहे.

रस्ता किती पितो?

ठाणे-कल्याण पट्ट्यात अनेकदा गाडीपेक्षा रस्त्याचीच भूक अधिक असते. कल्याण-शीळ मार्गावर मेट्रोचे खांब, काटई नाका, शीळफाटा, मुंब्रा बायपासवरील अवजड वाहनांच्या रांगा. पलीकडे माजिवडा, कापूरबावडी, घोडबंदर रस्ता आणि गायमुखचा चढ. ही नावे वाचतानाच वाचकांचा पाय क्लचवर जाईल.

लहान पेट्रोल गाडीचे इंजिन जागच्या जागी तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळते. एसी चालू असेल, तर खर्च वरच्या टोकाला जातो. आता हिशेब करू. 22 किलोमीटरच्या फेरीला 17 च्या ॲव्हरेजने 1.29 लिटर लागते. त्याच फेरीत नेहमीपेक्षा अर्धा तास अधिक रखडावे लागले आणि तासाला 0.8 लिटर खर्च धरला, तर त्यात 0.4 लिटरची भर पडते. ॲव्हरेज थेट 13 वर येतो. गाडीत कोणताही बिघड नसताना, कोणीही थेंबभर न चोरता, केवळ अर्ध्या तासाच्या कोंडीने चार किलोमीटर गिळले!

म्हणून गाडी मेकॅनिककडे नेण्यापूर्वी तिला मोकळा रस्ता दाखवावा. रविवारी पहाटे शहापूरच्या मानस मंदिराचे दर्शन घेऊन यावे. नाशिक महामार्गाने जाऊन-येऊन सुमारे शंभर किलोमीटरचा हा प्रवास चाचणीसाठी उत्तम आहे. मोकळ्या रस्त्यावर ॲव्हरेज पूर्वीसारखा आला, तर गाडी निरोगी आहे आणि दोष वाटेचा आहे. तेथेही तो कमीच राहिला, तर बिघाड गाडीत आहे. उदाहरणातील घरच्या वहीत गेल्या वर्षीच्या याच यात्रेची नोंद 19 अशी आहे. या वेळी 16.5 येतात. मोकळ्या रस्त्यावरही गाडी पंधरा टक्के अधिक पिते आहे. चालक म्हणत होता ते खरे निघाले. गाडी जड चालत होती.

आणखी एक खर्च सहसा कोणाच्या नजरेत येत नाही. मालक व्याख्यानात किंवा पेढीवर बसलेले असतात आणि चालक बाहेर एसी चालू ठेवून तासभर थांबतो. वैशाखातल्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली बसायला दुसरी जागा नसेल, तर त्याने काय करावे? येथे चालकाला बोल लावण्याऐवजी त्याच्यासाठी सावलीत एक बाकडे आणि प्यायला पाणी ठेवणे अधिक परिणामकारक ठरते. पेट्रोल वाचते आणि माणूसही सुखावतो.

चाके आणि ब्रेक

गाडीतील शोध स्वस्तातून महागाकडे जावा. प्रथम टायरमधील हवा. चालकाच्या दाराजवळ चिकटवलेल्या पट्टीवर योग्य दाब लिहिलेला असतो. गाडी थंड असताना तो तपासावा. चारही टायरमध्ये दाब 10 पीएसआयने उतरला असेल, तर सुमारे 2 टक्के इंधन अधिक लागते. टायर एका बाजूने झिजत असतील, तर व्हील अलाइनमेंट तपासावे. खड्ड्यांतून गेलेल्या पावसाळ्यानंतर हे जवळजवळ अटळच असते.

त्यानंतर ब्रेक. अचानक वाढलेल्या खर्चामागे अडकलेला ब्रेक हे फार नेहमीचे आणि फार दुर्लक्षित कारण आहे. पर्युषणाचे आठ दिवस, किंवा दशलक्षण पर्वाचे दहा दिवस, अनेक घरांत वाहन वापरत नाहीत. नेमका तो पावसाळा असतो. ओल्या हवेत हँडब्रेक ओढून गाडी उभी राहते. ब्रेकच्या पिना आणि तारा गंजतात आणि पुढे ब्रेक सोडला तरी पूर्ण सुटत नाही. गाडी मग सतत किंचित ब्रेक लावूनच धावते.

याची चाचणी सोपी आहे. शक्यतो ब्रेक कमी वापरून पाच-सहा किलोमीटर गाडी चालवावी, थांबावे आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्यावा. स्पर्श मात्र करू नये, कारण डिस्क अत्यंत तापलेली असू शकते. एका चाकाजवळची झळ इतरांहून स्पष्टपणे अधिक असेल किंवा जळका वास येत असेल, तर तेथेच ब्रेक घासतो आहे. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हलके ढकलले असता ती सहज सरकत नसेल, तरीही हाच संशय घ्यावा. हा विषय पेट्रोलपुरता मर्यादित नाही. तापलेला ब्रेक ऐन घाटात निकामी होऊ शकतो.

उदाहरणातील गाडीचे मागचे डावे चाक असेच तापलेले आढळते. गंजलेली हँडब्रेकची तार मेकॅनिक बदलतो. पुढच्या रविवारी वहीत पुन्हा 19 ची नोंद होते. रोजच्या फेरीत ॲव्हरेज पंधराच्या आसपास येतो. उरलेले दोन किलोमीटर फेरीमागच्या दहा-पंधरा मिनिटांच्या कोंडीचे आहेत, आणि त्यावर कोणत्याही गॅरेजमध्ये इलाज नाही. त्यावर उपाय दोनच: निघण्याची वेळ बदलणे, किंवा जेथे शक्य असेल तेथे लोकल पकडणे. 1853 साली ठाण्यापर्यंत आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत आलेली रेल्वे आजही या पट्ट्यातील सर्वांत काटकसरी वाहन आहे.

इंजिनाच्या आतले दोष

चाके मोकळी आहेत, रस्ता मोकळा आहे, तरीही खर्च अधिकच, असे झाले तर इंजिनाकडे वळावे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते. हे प्रमाण राखण्याचे काम गाडीचा संगणक निरनिराळ्या सेन्सरांच्या आधारे करतो. धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला, तर तो “पेट्रोल कमी पडते आहे” असा चुकीचा निरोप देऊ शकतो. संगणक निमूटपणे अधिक पेट्रोल सोडतो. इंजिनाचे पाणी किती तापले हे सांगणारा सेन्सर बिघडला, तर संगणक इंजिनाला सतत थंडच समजतो. थर्मोस्टॅट उघडाच अडकला, तर इंजिन खरोखरच पुरेसे तापत नाही. अशा वेळी महामार्गावरही तापमानाचा काटा नेहमीपेक्षा खाली राहतो. झिजलेले स्पार्क प्लग आणि घसरणारा क्लच हेही नेहमीचे संशयित आहेत. क्लच घसरत असेल, तर चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही.

एअर फिल्टरविषयी मात्र एक रूढ समज तपासून घ्यावा. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत फिल्टर तुंबला की पेट्रोल अधिक जळे. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत संगणक हवेनुसार पेट्रोलही कमी करतो, त्यामुळे ॲव्हरेजवर परिणाम अल्प होतो. गाडीचा जोर मात्र घटतो. फिल्टर वेळेवर बदलावाच, परंतु केवळ तो बदलून 13 चे 17 होतील, अशी आशा धरू नये.

गॅरेजमध्ये गेल्यावर “सर्व्हिसिंग करून टाका” असे मोघम सांगण्याऐवजी ओबीडी स्कॅनर लावण्यास सांगावे. चेक इंजिनचा दिवा पेटलेला नसला तरी संगणकात खुणा नोंदलेल्या असू शकतात. संगणक मूळ हिशेबापेक्षा किती टक्के अधिक पेट्रोल देतो किंवा कमी करतो, हा “फ्यूल ट्रिम”चा आकडा मेकॅनिकला दाखवायला लावावा. तो शून्याच्या आसपास असेल, तर महागडे सेन्सर बदलण्याची घाई करू नये. दहा टक्क्यांपलीकडे गेला असेल, तर शोध योग्य दिशेने चालला आहे. एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि दर दुरुस्तीनंतर पुन्हा मोजावे. चार वस्तू एकदम बदलल्या, तर दोष कोणाचा होता ते कधीच कळत नाही.

गाडीत किंवा पार्किंगमध्ये पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर मात्र यांपैकी कोणतीही चाचणी करीत बसू नये. गाडी सुरू करू नये, जवळ ज्योत नेऊ नये, मेकॅनिकला जागेवर बोलवावे.

जयणेचा भाग

पावसाळ्यात इमारतींच्या पार्किंगमधील उंदीर इंजिनाच्या उबेला येतात, सेन्सरांच्या तारा कुरतडतात, एअर फिल्टरच्या डब्यात घरटे करतात. खर्च वाढण्याचे हेही एक खरे कारण आहे. विषारी गोळ्या ठेवणे हा जैन घराचा मार्ग होऊ शकत नाही. बोनेटखालचा कचरा नियमित काढणे, गाडीत खाद्यपदार्थ न ठेवणे, हवेच्या वाटेला बारीक जाळी बसवणे आणि गाडी फार दिवस एकाच जागी उभी न ठेवणे, हे उपाय पुरेसे ठरतात. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बोनेटवर हलकी थाप मारण्याची सवय लावावी. आत विसावलेले मांजराचे पिल्लूही त्यामुळे वाचते.

श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरमण आहे. प्रयोजन नसताना घडणारी हिंसा टाळावी, असा त्याचा आशय. त्यातील प्रमादचर्येत विनाकारण अग्नी पेटवणे आणि विनाकारण भटकणे यांचाही समावेश होतो. वाहन वापरणारा गृहस्थ तेउकाय आणि वायुकाय जीवांची विराधना पूर्ण टाळू शकत नाही. परंतु उभ्या गाडीत जळणारे पेट्रोल, घासणाऱ्या ब्रेकमध्ये जळणारे पेट्रोल, कोपऱ्यावरच्या देरासरासाठी थंड इंजिनाने काढलेली फेरी, यांतील कोणालाही प्रयोजनाचा आधार नाही. पायविहार करणाऱ्या साधु-साध्वीजींना महामार्गाच्या कडेने जाताना आपल्याच गाड्यांचा धूर सोसावा लागतो, हे स्मरणात ठेवले, तरी किल्ली बंद करण्याकडे हात आपोआप वळेल.

पंधरवड्याचा क्रम

1. गाडीत एक लहान वही ठेवावी: तारीख, किलोमीटर, लिटर, पंप, पडद्यावरचा आकडा.
2. दोन टाक्यांची मोजणी करून घट खरी आहे का, ते ठरवावे.
3. वही आणि पडदा यांची तुलना करावी. वहीच घसरली असेल तर माप, गळती, टाकी तपासावी. दोन्ही घसरले असतील तर पुढे जावे.
4. गेल्या महिन्यात काय बदलले ते आठवावे: वाट, वेळ, टायर, सर्व्हिसिंग, एसीचा वापर, बरेच दिवस उभी राहिलेली गाडी.
5. टायरमधील हवा आणि चाकांची झळ पाहावी.
6. पहाटे मोकळ्या रस्त्यावर शंभर किलोमीटरची चाचणी घ्यावी.
7. एवढे झाल्यावरच गॅरेजमध्ये स्कॅनर लावावा.
8. चालकाला पहिल्या दिवसापासून या शोधात सहभागी करून घ्यावे. गाडीचा बदललेला आवाज आणि जडपणा त्याच्या हातापायांना सर्वांत आधी कळतो.

शेवटची सूचना बहुतेक घरांत पाळली जात नाही. उदाहरणातील घरातही ती पाळली गेली नव्हती. हँडब्रेकची तार बदलून झाल्यावर वडीलधारे गृहस्थ चालकाला म्हणतात, “तुम्ही पंधरा दिवसांपूर्वीच सांगितले होते. आम्ही ऐकले नाही, आणि मनात नको ते आणले. मिच्छामि दुक्कडम्.” चालक संकोचतो. “शेठ, पुढच्या चाकांचेही एकदा बघून घेऊ,” एवढेच तो म्हणतो आणि वहीत त्या दिवसाचे किलोमीटर लिहितो.